बंदुकीच्या जुन्या दस्त्याला जवसाच्या तेलाने झिलई कशी द्यावी

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या बारा बोअरच्या एकनळी आणि दुनळी बंदुका आजही अनेक घरांत आहेत, आणि त्यांतल्या कित्येक आजोबांकडून वडिलांच्या व वडिलांकडून मुलाच्या परवान्यावर आलेल्या आहेत. नळ्यांची निगा बहुतेक जण राखतात, कारण नळीवरचा गंज लगेच डोळ्यांत भरतो. दस्त्याकडे मात्र तो चिकट होईपर्यंत किंवा तडकेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. पावसाळ्याची दमट हवा, नळ्यांतून खाली झिरपणारे तेल, तळहाताचा घाम, आणि निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा असताना शेजारच्या बंदुकांना घासून पडलेले ओरखडे या सगळ्यांचा मारा लाकडावर होतो. असा दस्ता घरच्या घरी तेलाने पुन्हा नीट करता येतो. त्याला महागडे सामान लागत नाही, पण तीन ते चार आठवड्यांचा धीर लागतो.

या कामात सर्वांत मोठे नुकसान पॉलिशपेपरने होते. चांगल्या बंदुकीचे लाकूड लोखंडाच्या कडेशी इतके बारकाईने बसवलेले असते की बोट फिरवले तर सांधा जेमतेम जाणवतो. अनेक जुन्या बंदुकांत लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच ठेवलेले असते, ते पुढच्या पिढ्यांच्या घासकामाची तरतूद म्हणूनच. हे लाकूड एकदा घासून लोखंडाच्या खाली गेले की कोणत्याही तेलाने परत येत नाही. म्हणून पुढील प्रत्येक पायरीत लाकूड कमीत कमी काढायचे, हेच धोरण ठेवावे. जुन्या विलायती कारखान्याची किंमती बंदूक असेल, किंवा लष्करी रायफलीच्या दस्त्यावर छापाचे शिक्के असतील, तर कोरड्या मऊ कापडाने पुसून वर मेणाचा हात देण्यापलीकडे काहीही करू नये. अशा दस्त्याची मूळ झिलई आणि शिक्के हेच त्याचे मोल असते.

काम सुरू करण्यापूर्वी

बंदूक मोकळी आहे याची खात्री नळ्या उघडून, खजिन्यात (काडतूस बसते त्या पोकळीत) बोट घालून करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलूपबंद ठेवावीत. दुसरी गोष्ट कायद्याची आहे. शस्त्र अधिनियम, 1959 मधील शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. त्यामुळे “नुसते लाकूडच तर आहे” असे म्हणून दस्ता ओळखीच्या सुताराकडे ठेवून येऊ नये. परवानाधारकाने हे काम स्वतःच्या घरी, स्वतःच्या ताब्यात करावे आणि यंत्रणा उघडण्याची वेळ आलीच तर परवाना असलेल्या बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याकडे जावे.

हंगामाचाही विचार करावा. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचे कोरडे महिने या कामाला उत्तम आहेत. पावसाळ्यात लाकूड पाणी शोषून फुगलेले असते, तेल आठवडाभर ओलसर राहते आणि त्यावर बुरशीही धरते. जून ते सप्टेंबर या काळात दस्त्याला हात न लावणेच शहाणपणाचे आहे.

लाकूड मोकळे करणे

दुनळी बंदुकीत नळ्यांखालचे लाकूड आणि नळ्या सहज निघतात. मागचा दस्ता मात्र दोन प्रकारे बसवलेला असतो. काही बंदुकांत वरच्या व खालच्या लोखंडी पट्ट्यांतून आलेले स्क्रू त्याला धरून ठेवतात, तर काहींत दस्त्याच्या आतून लांब बोल्ट जातो आणि तो टोकाची रबरी किंवा एबोनाइटची पट्टी काढल्यावर लांब स्क्रूड्रायव्हरने किंवा पान्याने सुटतो. स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारे, सरळ घासलेले पाते घेतल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये. जुन्या स्क्रूच्या खाचा अरुंद असतात आणि बाजारातल्या निमुळत्या पात्याने त्या फाटतात. गंजलेल्या स्क्रूवर पातळ तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर थांबावे. प्रत्येक स्क्रू कुठला, हे जाड पुठ्ठ्यावर बंदुकीची आकृती काढून त्या त्या जागी टोचून ठेवल्यास पुढे गोंधळ होत नाही, कारण हाताने बनवलेल्या बंदुकांचे स्क्रू एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

दस्ता निघत नसेल तर ठोकू नये. लोखंड आणि लाकूड वर्षानुवर्षांच्या तेलामळाने चिकटलेले असते आणि जोर केल्यास नेमका दस्त्याच्या मानेवरचा, सर्वांत बारीक भाग चिरतो. अशा वेळी लोखंड तसेच ठेवून, त्यावर मास्किंग टेप चिकटवून काम केले तरी चालते. ठासणीच्या बंदुकांत लाकूड नळीच्या पुढच्या टोकापर्यंत गेलेले असते आणि नळी खिळ्यांनी किंवा पाचरींनी अडकवलेली असते. त्या पाचरी एका बाजूनेच निघतात, म्हणून आधी नीट निरखावे.

दस्ता हाती आला की उजेडात धरून मानेजवळ आणि वरच्या लोखंडी पट्टीच्या मागे केसासारखी चीर आहे का ते पाहावे. बार उडताना येणारा धक्का तिथेच बसतो. चीर असेल तर तिच्यात तेल जाण्यापूर्वी पातळ इपॉक्सी भरून ती जोडावी लागते, कारण तेल प्यायलेल्या लाकडाला कोणताही चिकटपदार्थ धरत नाही. चीर आरपार असेल तर ती बंदूक चालवू नये आणि जाणकाराला दाखवावी.

जुनी झिलई कोणती आहे

टोकाच्या पट्टीखाली झाकलेल्या जागी कसोटी घ्यावी. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस घासल्यावर जागा चिकट झाली तर लाखेचे पॉलिश आहे. एनसी थिनरने विरघळले तर लॅकर आहे. दोन्हींनी काहीच झाले नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तत्सम कडक लेप समजावा. जुनी तेलाची झिलई मात्र लाकडाच्या आतच असते, पृष्ठभागावर पापुद्रा दिसत नाही आणि टर्पेंटाइनच्या कापडावर फक्त तपकिरी मळ उतरतो. असे असेल तर काम अर्धे झाले म्हणावे: टर्पेंटाइनने मळ पुसून थेट तेलाच्या टप्प्यावर जाता येते.

लाख किंवा लॅकर त्यांच्या त्यांच्या द्रावणाने, कापडाने पुसतच काढावे. कडक लेपासाठी पेंट रिमूव्हर लागतो; तो उघड्या हवेत, जाड हातमोजे घालून लावावा, फुगलेला पापुद्रा प्लास्टिकच्या पट्टीने आडवा न ओरबाडता रेषांच्या दिशेने काढावा आणि शेवटी थिनरने पुसून घ्यावे. दारे-खिडक्यांचा जुना रंग काढायला वापरतात तो कॉस्टिक सोडा इथे चालत नाही, कारण त्याने दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड काळवंडते आणि तंतू मऊ पडतात. काचेच्या तुकड्याने खरवडणेही टाळावे.

तेलाने काळे पडलेले लाकूड

जुन्या बंदुकांच्या दस्त्याचा लोखंडाला टेकणारा भाग बहुधा काळा आणि मऊसर झालेला आढळतो. बंदूक दस्त्यावर उभी ठेवली जाते, नळ्यांना आणि यंत्रणेला दिलेले खनिज तेल वर्षानुवर्षे खाली उतरते आणि लाकडात मुरते. हे तेल कधी वाळत नाही आणि त्यावर जवसाचे तेलही नीट वाळत नाही, त्यामुळे ते आधी बाहेर काढावेच लागते.

यासाठी मुलतानी माती उत्तम आहे, आणि ती किराणा दुकानातही मिळते. ती अ‍ॅसिटोनमध्ये किंवा पांढऱ्या पेट्रोलमध्ये कालवून दाट लगदा करावा, काळ्या भागावर बोटभर जाडीचा थर द्यावा आणि सुकू द्यावे. द्रावण आतले तेल पातळ करते, बाहेर येताना ते तेल मातीत शोषले जाते आणि पांढुरकी माती पिवळट-तपकिरी होते. सुकलेला थर ब्रशने झाडून पुन्हा नवा थर लावावा. माती जवळजवळ स्वच्छ राहू लागेपर्यंत हे करायचे असते. फार मुरलेल्या दस्त्याला त्यासाठी आठवडाही लागू शकतो. ही द्रावणे भडका घेणारी आहेत, म्हणून चूल, गॅस, देवापुढचा दिवा आणि विडी यांपासून दूर, अंगणात काम करावे.

लोखंडाच्या कडेला निळसर-काळे डाग असतील तर ते तेलाचे नसून लोखंड आणि लाकडातील टॅनिन (तुरट द्रव्य) यांच्या संयोगाचे असतात. ते ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने फिके होतात, परंतु ते आम्ल विषारी आहे. हातमोजे घालून लावावे, नंतर लाकूड ओल्या फडक्याने अनेकदा पुसून घ्यावे आणि आम्ल मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. लोखंड आणि टॅनिनच्या याच संयोगामुळे दस्त्यावर लोखंडी लोकर वापरू नये. तिचे तुटलेले बारीक तंतू लाकडाच्या छिद्रांत अडकतात आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे काळे ठिपके उमटतात. घासण्यासाठी नायलॉनची घासणी पुरेशी आहे.

खळगे वर आणणे

दाबून पडलेला खळगा आणि तुटून पडलेली खाच यांत फरक आहे. पहिल्यात लाकडाचे तंतू दबलेले असले तरी अखंड असतात, त्यामुळे ते वाफेने फुगून वर येतात. दुसऱ्यात ते कापले गेलेले असतात, म्हणून वाफेचा उपयोग होत नाही. खळग्यावर दोन पदरी ओले सुती कापड ठेवावे, कडक तापलेल्या इस्त्रीचे टोक काही सेकंद टेकवावे आणि कापड कोरडे होण्यापूर्वी उचलावे. पुन्हा ओले करून हेच करत राहिले की बहुतेक खळगे पृष्ठभागाशी समतल होतात. मोठ्या खळग्यात तेलकट मळ असेल तर पाणी आत शिरत नाही, म्हणून तेल काढण्याचे काम आधी उरकलेले असावे. चौकटीदार खाचकामाजवळ (पकडीसाठी कोरलेल्या बारीक चौकटींजवळ) वाफ देऊ नये. तिथले टोकदार दाणे फुगून बोथट होतात. उरलेली लहान खाच तशीच राहू द्यावी. जुन्या बंदुकीच्या अंगावरची प्रत्येक खूण पुसण्याचा अट्टाहास करणाऱ्याच्या हातून लाकूड हमखास जास्त जाते.

आता पॉलिशपेपरची पाळी येते. 220 नंबरपासून सुरुवात करून 320 आणि मग 400 वर यावे. पेपर नेहमी रबराच्या किंवा बुचाच्या ठोकळ्याभोवती गुंडाळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच चालवावा. नुसत्या बोटाखाली पेपर धरला की लाकडाचा मऊ भाग अधिक झिजतो, उजेडात पृष्ठभागावर लाटा दिसतात आणि दस्त्याच्या नाजूक कडा गोल होतात. लोखंडाला भिडणाऱ्या कडांपासून अर्धा इंच अलीकडेच थांबावे. शेवटी संपूर्ण लाकूड ओल्या फडक्याने पुसून सुकू द्यावे, उभे राहिलेले तंतू झिजलेल्या 400 नंबरच्या पेपरने हलकेच मोडावेत आणि हे दोनदा करावे. नाहीतर पहिल्या दमट दिवशी हातात धरलेला दस्ता खरखरीत लागतो.

रंग

अक्रोडाला बहुधा वेगळा रंग लागत नाही. फिकट लाकूड असेल आणि जुन्या विलायती बंदुकांवर दिसणारी तांबूस झाक हवी असेल तर तिचे साधन आपल्याच काष्ठौषधींच्या दुकानात आहे. लंडनचे बंदूक बनवणारे जवसाच्या तेलात अल्कॅनेटची मुळे भिजवून तो रंग मिळवत असत. आपल्याकडे रतनजोत म्हणून मिळणाऱ्या मुळ्या त्याच कुळातील वनस्पतींच्या असतात आणि त्यांतले रंगद्रव्यही त्याच जातीचे आहे. ते पाण्यात नीट उतरत नाही, तेलात मात्र सुरेख उतरते. मूठभर रतनजोत कुटून पाव लिटर जवसाच्या तेलात घालावी, बरणी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तेल कोमट करावे आणि आठवडाभर मुरवून पातळ कापडाने गाळावे. तेल बरणीत गडद माणकासारखे दिसते, पण लाकडावर त्याची झाक सौम्य उतरते. पट्टीखालच्या जागी आधी लावून पाहावे.

तेल कोणते

घरात जे असेल ते तेल लाकडाला चोळण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती मोडली पाहिजे. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते की नाही, यावर सगळे अवलंबून आहे, आणि ते तेलातील असंतृप्त आम्लांवर ठरते. त्याचा अंदाज आयोडीन अंकावरून येतो: खोबरेलाचा अंक साधारण 10, शेंगदाणा तेलाचा 90 च्या आसपास आणि जवसाच्या तेलाचा 170 च्या वर असतो. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल लाकडात तसेच ओले राहते, धूळ धरते आणि कालांतराने खवट होते. काजूच्या टरफलांचे तेल होड्यांच्या लाकडाला कुजण्यापासून वाचवते हे खरे आहे, पण ते त्वचेला भाजते; गालाला टेकणाऱ्या दस्त्यावर ते कदापि लावू नये.

जवसाचे कच्चे तेल लाकडात खोल जाते, पण वाळायला अनेक दिवस घेते. रंगांच्या दुकानात डबल बॉइल्ड किंवा बेलतेल म्हणून मिळणाऱ्या तेलात कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंचे क्षार वाळवणुकीसाठी घातलेले असतात आणि कोरड्या हवेत त्याचा पातळ हात साधारण एका दिवसात वाळतो. पहिले दोन हात कच्च्या तेलाचे आणि पुढचे बॉइल्ड तेलाचे द्यावेत, असे मला योग्य वाटते. टंग तेल मिळाले तर तेही चांगले आहे आणि पाण्याला जवसापेक्षा अधिक टिकते.

लाकूड शिसवी असेल तर एक सावधगिरी बाळगावी. शिसवीच्या जातीत आणि सागवानातही अशी नैसर्गिक द्रव्ये असतात की त्यांवर तेल वाळायला फार उशीर लागतो किंवा ते चिकटच राहते. असे लाकूड अ‍ॅसिटोनने पुसून लगेच, अगदी पातळ हात द्यावा आणि पुढच्या हातासाठी दुप्पट थांबावे.

तेलाचे हात

पहिल्या हातासाठी तेल आणि टर्पेंटाइन सारख्या प्रमाणात मिसळून कापडाने सढळ लावावे. दस्त्याची मान, टोकाच्या पट्टीखालचा आडवा कापलेला भाग आणि लोखंड बसण्याचे आतले खाचे हे मिश्रण अधाशासारखे पितात. त्यांना पुन्हापुन्हा द्यावे, कारण पावसाळ्यात ओलावा याच ठिकाणांहून आत शिरतो. अर्ध्या तासाने पृष्ठभागावर उरलेले सगळे तेल कोरड्या कापडाने पुसून काढावे आणि दोन दिवस थांबावे.

अक्रोडाची छिद्रे मोठी असतात, ती भरण्यासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या हाताला 400 नंबरचा पाण्याचा पेपर तेलात बुडवून लहान लहान वर्तुळांत घासावा. लाकडाची भुकटी आणि तेल यांची तपकिरी लापशी तयार होते. ती रेषांना आडवी पुसली की छिद्रांत बसते आणि लाकूड स्वतःच्याच भुकटीने भरून निघते. प्रत्येक वेळी पूर्ण वाळू द्यावे. छिद्रे भरली की पेपर बाजूला ठेवावा. एअर रायफलीचा दस्ता बीच या विलायती झाडाच्या लाकडाचा असेल तर या टप्प्याची गरज नसते, कारण त्याची छिद्रे बारीक असतात.

यापुढे तेल थेंबांनी मोजावे. पाच-सहा थेंब तळहातावर घेऊन एका बाजूला चोळावे, तळवा गरम होईपर्यंत चोळत राहावे, दहा मिनिटांनी स्वच्छ सुती कापडाने असे पुसावे की बोटाला ओल लागू नये. तेल जास्त झाले तर त्याची साय धरते आणि ती महिनोन्‌महिने चिकट राहते. अशी साय टर्पेंटाइनने पुसून काढण्यावाचून गत्यंतर नसते. पुढचा हात देण्यापूर्वी दस्ता गालाला लावून पाहावा: चिकटपणा नको आणि तेलाचा उग्र वासही नको. सकाळचे कोवळे ऊन वाळण्याला मदत करते, दुपारच्या उन्हात मात्र लाकूड चिरते. अशा आठ-दहा हातांनंतर खोल, मंद तकाकी येते. त्यापुढे महिनाभर आठवड्याला एकदा आणि वर्षभर महिन्याला एकदा हात द्यावा, ही जुनी रीत आजही उत्तम आहे.

खाचकामावर मात्र तेल साचू देऊ नये. दात घासायच्या जुन्या ब्रशने टर्पेंटाइनसह मळ काढून, पातळ केलेल्या तेलाचा एकच हात ब्रशने द्यावा आणि जादा तेल त्याच कोरड्या ब्रशने काढून घ्यावे.

आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून टोपलीत टाकली तर वाळताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडते आणि कोणी काडी न लावताही ती पेट घेतात. प्रत्येक फडके वापरल्यावर लगेच बादलीभर पाण्यात बुडवावे किंवा अंगणात एकेक करून पसरून कडक होईपर्यंत वाळू द्यावे. माळ्यावर, गंजीजवळ किंवा बंदुकीच्या कपाटात ती कधीही ठेवू नयेत.

जोडणी आणि पुढची निगा

शेवटच्या हातानंतर किमान आठ-दहा दिवस गेल्यावर लोखंड बसवावे. स्क्रूच्या आट्यांना किंचित मेण लावल्यास पुढच्या वेळी ते सहज निघतात. स्क्रू आवळताना खाच मूळ जशी होती तशी, बहुधा नळीच्या रेषेत, आली पाहिजे. तिथे पोहोचण्यासाठी जास्त जोर लागत असेल तर आत कुठेतरी तेल साचून घट्ट झालेले आहे असे समजून ते आधी काढावे.

वरून मधमाश्यांचे मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून केलेला लेप वर्षातून एकदा, मिरगाच्या आधी, पातळ लावून चमकवावा. पावसात भिजलेली बंदूक घरी आणल्यावर नळ्यांइतक्याच तातडीने दस्ता पुसावा आणि खोलीच्या हवेवर वाळू द्यावा, चुलीजवळ नाही. कापडी किंवा चामड्याच्या म्यानात पावसाळाभर बंदूक ठेवू नये, कारण म्यान ओलावा धरून ठेवते. नळ्यांना तेल दिल्यानंतर बंदूक एक-दोन दिवस नळीची तोंडे खाली आणि दस्ता वर अशी, खाली जुने कापड घालून, कुलुपात उभी ठेवावी. म्हणजे जादा तेल नळीच्या तोंडातून कापडावर उतरते आणि मुलतानी मातीने काढलेला काळेपणा पुन्हा दस्त्यात मुरत नाही.